भाऊजींची धूरभट्टी

माझ्या ताईच्या नवऱ्याने आयुष्यभर एकच काम केलं: काट्याकडे बघणं. कागदाच्या कारखान्यात ते बॉयलरवर मुख्य होते. वाफेच्या दाबाचा काटा हलला की हाताखालच्या माणसांचा उद्धार, नाही हलला की श्रेय भाऊजींचं. तिथे त्यांना पाठीमागे काटेसाहेब म्हणत. हे त्यांना माहीत होतं, आणि कहर म्हणजे आवडायचं.

घरीही तेच. गॅस एवढा मोठा का, पंखा जोरात का, मुलगा इतक्या मोठ्याने हसतो कशाला. मुलगा कॉलेजात असताना एकदा वैतागून म्हणाला, "बाबा, मी बॉयलर नाहीये." त्यावर भाऊजी म्हणाले, "बॉयलर ऐकतो तरी." नोकरी लागताच तो दुसऱ्या गावी गेला तो परत फिरकलाच नाही. ताईशी फोनवर तेवढा बोलायचा. ताई फोन ठेवून मुकाट्याने भांडी घासायची, आणि मला ह्या माणसाचा गळा दाबावासा वाटायचा.

निवृत्त झाल्यावर भाऊजी घरात नुसत्या येरझाऱ्या घालत. बघायला काटाच उरला नव्हता. मग त्यांनी धूरभट्टी आणली. लोखंडाचं आडवं पिंप, एका अंगाला चिकटलेली विस्तवाची पेटी, दुसऱ्या टोकाला चिमणी. लाकूड पेटीत जळतं, आच आणि धूर पिंपातून जातो, आणि आतलं मांस दिवसभर मंद शिजतं. झाकणावर गोल तबकडीत तापमानाचा काटा. तो बघून भाऊजींचा चेहरा जो काही उजळला! ताईकडे बघून तो कधी असा उजळल्याचं मला आठवत नाही.

भट्टी पोहोचवायला आलेल्या दुकानदाराने सगळं समजावून सांगितलं होतं. मी तिथेच होते. चिमणी सताड उघडी ठेवा. आच कमी-जास्त करायची ती पेटीच्या हवेच्या झरोक्यातून, तोही बोटभरच हलवून. मग हात मागे घेऊन थांबा, पिंप जड आहे, फरक उशिरा दिसतो. पांढरा दाट धूर आला की समजा विस्तव घुसमटतोय, मांस कडू होणार. सारखं झाकण उघडू नका. आणि काट्यावर चरबी बसते, ती पुसत जा. भाऊजी मान डोलवत होते. अक्षर डोक्यात शिरलं नाही. शिरायला तिथे जागाच नव्हती.

मग एक दिवस ताईचा फोन आला. "अगं, पोरगा येतोय. दुपारपुरताच, संध्याकाळी कामावर जायचंय त्याला. मला बाकी काही नको, एकदा त्याच्या शेजारी बसून जेवायचंय." एवढीच मागणी. भाऊजींनी लगेच जाहीर केलं की जेवण ते करणार.

मी सकाळीच पोहोचले. परसात तमाशा सुरूच होता. काटा जरा खाली आला की भाऊजी झरोका पूर्ण उघडत. फरक दिसेना म्हणून वर दोन ओंडके कोंबत. मग काटा सुसाट वर गेला की घाबरून झरोका बंद, आणि शहाणपणाची हद्द म्हणजे चिमणीही बंद. पांढऱ्या धुराचे लोट. शेजारीण खोकत खिडक्या लावून घेत होती. मग मांस कितपत शिजलं ते बघायला झाकण वर, की सगळी आच आकाशात. पुन्हा पहिल्यापासून. थांबणं ह्या माणसाला कधी जमलं नाही, ना लोखंडाच्या बाबतीत, ना पोराच्या.

दुपार होता होता काटा एका जागी स्थिर झाला. "बघ धाकटे, बघ! जराही हलत नाहीये," ते मला ओरडून म्हणाले. छाती फुगली होती.

तेवढ्यात मुलगा आला. आईला मिठी मारून थेट परसात गेला. झाकणावर तळहात टेकवला, तो तसाच ठेवला. "बाबा, हे कोमट आहे. काटा अडकलाय. चिमणी उघडा, आणि आत चला, जरा बसू."

"तू मला काटा शिकवणार?"

"नाही बाबा. आत चला म्हणतोय."

"विस्तव सोडून येता येत नाही."

मुलगा आत आला. ताईने टेबल मांडलं होतं, उकडलेले बटाटे, पाव, कोशिंबीर. ती त्याच्यासमोर बसून राहिली, एक डोळा परसाच्या दाराकडे. सगळ्यांनी एकत्र बसावं म्हणून तिने कशाला हात लावला नाही. त्यानेही नाही. शेवटी घड्याळ बघून तो उठला, बाहेर जाऊन म्हणाला, "बाबा, निघतो."

भाऊजींनी मागे वळूनही बघितलं नाही. "थांब रे. आणि शिजलं तरी लगेच कापायचं नसतं. मांसाला विश्रांती द्यावी लागते."

मांसाला! माणसांनाही जरा मोकळं सोडावं लागतं, हे मात्र ह्या माणसाला कधी कळलं नाही.

ताईने बटाटे डब्यात भरले, पाव घेतले, चपला घातल्या आणि मुलाच्या गाडीत जाऊन बसली. "चल, वाटेत कुठेतरी थांबून खाऊ."

"आई, परत कशी येशील?"

"तू गाडी काढ आधी."

गाडी गेली. बऱ्याच वेळाने भाऊजी ताट घेऊन मोठ्या तोऱ्यात आत आले. "कुठे गेले सगळे?"

मी सांगितलं. टेबलाशी बसून त्यांनी तुकडा कापला. पेटीकडचं टोक कोळसा, दुसरं लालभडक कच्चं. मधला घास त्यांनी तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिले.

"कडू झालंय का गं?"

"चव तुमच्या तोंडात आहे."

त्यांनी दुसरा घास घेतला. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही.

"ती रात्रीपर्यंत येईल ना?"

"तिलाच विचारा."

त्यांनी खिशातून फोन काढला. बोटांना चरबी लागलेली, काच पुसत ते नावं वर-खाली करत राहिले. ताई कायम घरातच असायची, फोन करायची वेळच कधी आली नव्हती. मग माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "तिचा नंबर काय गं?"