मुहूर्ताच्या दिवशीचा सर्व्हर

अमरावतीत आमची सॉफ्टवेअरची लहानशी कंपनी होती. पाच माणसं, दोन सर्व्हर, अन् सगळ्या गिऱ्हाईकांचा डेटा त्या दोघांवरच. वाटणी मालकांनी केली, भावाभावांत वावर वाटावं तशी. अकोल्याकडचे सगळे एका सर्व्हरवर, अमरावतीकडचे दुसऱ्यावर, मोजून सारखे.

मी म्हटलं, "सायेब, गिऱ्हाईकं मोजू नका, कोन किती काम घेते ते पाहा. कापसाच्या साऱ्या जिनिंगा अकोल्याकडच्या, त्या एकाच सर्व्हरवर आल्या ना!"

"तू लय शहाना हायेस," मालक म्हणाले. "निस्तं डोकं खाऊन राहिला."

त्याच सर्व्हरवर जिनिंगांच्या गर्दीत अकोल्याची एक रक्ततपासणीची लॅब होती. ती चालवणाऱ्या बाईंना आम्ही आपा म्हणायचो. त्या दिवसांत कीटकनाशकाच्या फवारणीतून विषबाधा झालेले पेशंट रोज येत. अशा माणसाच्या रक्तातला एक आकडा रोज तपासतात. कालच्यापेक्षा फार उतरला, तर त्याला मोठ्या दवाखान्यात हलवायचं. अन् कालचा आकडा आमच्या सर्व्हरवर!

कापूस खरेदीचा मुहूर्त निघाला. मुहूर्त साऱ्या जिनिंगांचा एकच. एकाच वेळी सगळीकडे काटापूजन, नारळ फुटला की पहिल्या गाडीची पावती. वरून शेटलोक हार घातलेल्या कॉम्प्युटरवर पाहुण्यांना गेल्या वर्षीचा अख्खा हंगाम उघडून दाखवणार. सर्व्हरने मान टाकली.

आपांचा फोन आला. "भाऊ, एका पेशंटचा कालचा आकडा दिसून नाही राहिला. डॉक्टर खोळंबले हायेत."

"कागदावर नाही लिहिला काय?"

"तुमीच तं म्हनलं होतं, आता रजिस्टर कायले पाह्यजे!"

मीच म्हटलं होतं. मोठ्या ऐटीत म्हटलं होतं.

एका मोठ्या जिनिंगचा हंगामाचा रिपोर्ट सगळ्यांना अडवून बसलेला मला समोर दिसत होता. तो बंद करायला एक कमांड पुरे होती. पण मालक मागेच उभे.

"हात लावू नको! शेटजीच्या पाहुन्यांपुढं बंद पडलं तं माही इज्जत जाईन. थांब दहा मिनिटं."

अशा शिव्या ओठावर आल्या म्हणता! पण गिळल्या, अन् थांबलो. आग लागो त्या थांबण्याला.

दहाची चाळीस मिनिटं झाली. आकडा उघडल्याबरोबर मी आपांना फोन करून वाचून दाखवला. त्यांनी तो कागदावर लिहून घेतला. मग आजचा सांगितला. निम्म्यावर आला होता.

"गाडी बोलावते," म्हणाल्या अन् फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी कोणालाही न विचारता लॅब दुसऱ्या सर्व्हरवर हलवली. पाच मिनिटंही लागली नाहीत. आपांशी पुढं कैकदा बोलणं झालं. त्या माणसाचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, अन् विचारायची माझी हिंमत झाली नाही.