जाफराबादचा कप, वूचचा ग्लास

जाफराबादच्या स्टँडवर एसटी लागली होती आणि दादा, म्हणजे माझे वडील, हॉटेलाबाहेर उभे राहून चहा पीत होते. आमच्या वस्तीसाठी हॉटेलवाल्यानं भिंतीच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप ठेवला होता. चहा तो वरून ओतायचा. पिऊन झाला की कप आपणच विसळून पालथा ठेवायचा. आम्ही बौद्ध झालो त्याला कितीतरी वर्षं लोटली होती, पण त्या कपापर्यंत ती बातमी पोचली नव्हती. त्या दिवशी मात्र मी पोलंडला शिकायला निघालेला, अंगात कोट. हॉटेलवाल्यानं मला आत बसवून काचेच्या ग्लासात चहा दिला. मी तो बाहेर आणून दादांपुढं धरला. त्यांनी हात लावला नाही.

“तुझं तू पी. तू चाल्लास. मला उद्या बी इथंच यायचंय,” ते म्हणाले. मग वाकून त्यांनी कप विसळला. मला निरोप द्यायला हात वर केला तेव्हा तो ओलाच होता.

गावाकडच्यांनो, तुम्ही विचारता, तिकडं कसं वाटतं. खरं सांगू? एकटं वाटतं. वूच हे पोलंडमधलं कापडगिरण्यांचं शहर. इथं कापूस तेवढा माझ्या ओळखीचा. हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो, आणि खोलीत मी स्वतःशी मोठ्यानं मराठी बोलतो, जीभ विसरू नये म्हणून. आपल्यातले जे औरंगाबादेला, मुंबईला गेलेत त्यांना यातलं थोडं तरी कळेल.

शिक्षण चालू असताना बार्बाराबाई नावाच्या प्राध्यापिका परदेशी मुलांसाठी पुस्तिका करत होत्या. समतेविषयीचे इंग्रजी वाक्प्रचार पोलिशमध्ये आणायचे आणि प्रत्येकाखाली आपल्या जगण्यातलं उदाहरण द्यायचं. त्यांनी मला मदतीला घेतलं. मी हरखलोच. इथं पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या जगण्याची चौकशी करत होतं. समान संधी, समान कामाला समान दाम, सगळ्याला भराभर शब्द मिळत गेले. बरोबरीच्या नात्यानं वागणं, याला तर पोलिशमध्ये फार छान बोलणं आहे: ‘याक रुव्नी झ रुव्निम’, समान माणूस समानाशी वागतो तसं. त्याखाली मी लिहिलं, ‘मी आणि वडिलांनी स्टँडवर एकाच ग्लासानं चहा घेतला.’ घडलं नव्हतं, तरी लिहिलं.

बाईंनी मायेनंच विचारलं, तुमच्याकडे ग्लास कमी असायचे का? मी कोनाडा सांगितला, कप सांगितला, काही राहू दिलं नाही. त्यांनी डोळे पुसले. मग माझं उदाहरण खोडून दुसरं घातलं: नवराबायको मिळून भांडी घासतात. पुस्तिका वाचणाऱ्या मुलांना हे चटकन कळेल म्हणाल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

उन्हाळ्यात इथं चौकात सोडावॉटरची गाडी उभी असते. दोनचार जाड ग्लास, आणि येणारेजाणारे सगळे त्यांतूनच पितात. गाडीवाली बाई ग्लास विसळते, भरते, पुढच्याच्या हातात देते. माझे पोलिश मित्र नाक मुरडतात, रोग होतील म्हणतात. मी तहान नसली तरी रांगेत उभा राहतो.

पुढं इथल्याच गिरणीत नोकरी लागली, पण एकटेपणानं जीव मेटाकुटीला आला. गेल्या साली गावी आलो तो नोकरी सोडून परत यायचं ठरवूनच. ते सांगण्याआधी दादांना सहज त्या सोडावॉटरच्या गाडीची गंमत सांगितली.

“ग्लास कोन धुतं?” त्यांनी विचारलं.

“गाडीवाली बाई.”

“तुझा बी?”

“माझा बी.”

दादांनी स्वतःच्या हातांकडं बघितलं.

“मंग तिथंच ऱ्हाय,” ते म्हणाले. “माघारी येऊ नको.”

परतण्याचं बोलणं माझ्या तोंडातच राहिलं. मी वूचला आलो. इथं माझा ग्लास दुसरं कुणीतरी धुतं, पण तो कोण धुतं, हा प्रश्न इथं कुणाला पडत नाही. ज्या माणसाला तो प्रश्न सगळ्यात आधी पडला, त्याच्याजवळ माझं घर आहे. आणि येऊ नको, असं त्यानंच मला सांगितलंय.