बिनगिअरच्या गाडीचा अर्ज

अण्णा गेल्याचा निरोप घेऊन उसाचा एक रिकामा ट्रक नगरला माझ्या दारात येऊन उभा राहिला. चालक खाली उतरला, टोपी काढून हातात घेतली आणि इंजिन बंद करायचे मात्र विसरला. “ताई, अण्णा गेले. काल दुपारी ग्यारेजातच छातीत कळ आली, अन्...” पुढचे शब्द त्या घरघरीत बुडाले. त्याला आज दीड महिना झाला.

अण्णा माझे थोरले चुलत भाऊ. कोपरगावात रस्त्याकडेला त्यांचे पत्र्याचे गॅरेज होते आणि गिअरबॉक्सच्या कामात तालुक्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. स्क्रू ड्रायव्हरचे टोक गिअरबॉक्सवर टेकवून त्याची लाकडी मूठ ते कानाशी धरत आणि डोळे मिटत. आत कुठल्या चाकाचा दात झिजला आहे, हे त्यांना तसे कळे. मी कॉलेजात कविता शिकवणारी. पण लय म्हणजे काय हे मला पहिल्यांदा समजले ते त्यांच्या जुन्या जीपमध्ये. “पायाकडं बघू नको, सुमे. इंजिन काय म्हनतंय ते आईक. त्याचा सूर उतरला, की गिअर बदल.” माझ्या हातून दांडा करकरला, की ते दात दुखल्यासारखा गालाला हात लावत. “कवितेत असं करती का गं? मंग माझ्या गिअरनीच काय घोडं मारलंय?”

गिअरवर आयुष्य काढलेल्या या माणसाला गिअर मनापासून मान्य मात्र नव्हते. “गिअर म्हंजे इंजिनाच्या दुबळेपनाची सोय,” ते म्हणत. “पहिल्या झटक्याला त्याच्या अंगात जोर नसतो. मंग आपन पहिला टाका, दुसरा टाका, त्याची मनधरनी करा. इहिरीवरची मोटर बघ. बटन दाबलं, की पहिल्या फेऱ्यालाच सगळा जोर. ती कधी पहिला-दुसरा करती का?”

“मग गाडीमागे वायर ओढत न्यायची का, अण्णा?”

“बॅटऱ्या हायत की. जड हायत, लवकर दमत्यात, हे खरं. पन आज दमत्यात म्हनून उद्या बी दमतील व्हय?”

दुष्काळाच्या वर्षी गॅरेजमधले काम आटले आणि हाती वेळ आला. मुंबईच्या भंगारातून त्यांनी एक मोटर आणली, मोडीतल्या एका जीपचा सांगाडा घेतला, मागे ट्रकच्या बॅटऱ्या रांगेने बसवल्या. ॲसिडच्या थेंबांनी त्यांच्या सदऱ्याची चाळण झाली. एका सकाळी त्यांनी मला शेजारी बसवले आणि ती गाडी निघाली... निघाली हेसुद्धा मला लिंबाची झाडे मागे सरकू लागली तेव्हा कळले. इंजिनाचा गलका नव्हता, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मला रस्ता ऐकू आला. चाकांखाली खड्यांची कुरकुर, उसाच्या पात्यांची सळसळ, कालव्यावर कुणीतरी आपटत असलेले धुणे. परतताना अण्णा माझ्या तोंडाकडे पाहून हसत राहिले.

जवळच्या एका साखर कारखान्याला त्यांना अर्ज करायचा होता. कारखान्याने आपल्या जुन्या बॅटऱ्या द्याव्यात, अण्णांनी त्यांवर गाडी चालवावी आणि ऊसतोडणीवाल्यांच्या खोपटांपासून दवाखान्यापर्यंत आजारी बायामाणसांची नेआण करावी, एवढेच मागणे. पेन्सिलीने लिहिलेले एक पान त्यांनी माझ्या हाती दिले. “माझी भाषा ही अशी. तू नीट करून दे.” मी ते नीट केले. मी त्याची तीन पाने केली. त्यात पहाट होती, उसाची सळसळ होती, धुराविना धावणाऱ्या उद्याची मौनगती होती. आकडे मला वाक्यांच्या ओघात खड्यांसारखे टोचले. मी ते वेचून टाकले. अण्णांनी अर्ज दोनदा वाचला. “लई चांगलं लिवलंस,” ते म्हणाले. त्यापुढे क्षणभर थांबले होते... ते थांबणे मी तेव्हा कौतुक समजले.

अर्ज नामंजूर झाला. कारखान्याला दूरदृष्टी नाही, असे मी चार ठिकाणी सांगत फिरले. पुढे पेट्रोलचे भाव भडकले आणि लोक सायकली शोधू लागले, तेव्हा मी म्हणाले, “अण्णा, आता पुन्हा लिहू या.” ते म्हणाले, “बघू गं.” त्यांचे मन उडाले असावे, असे मला वाटले.

खरे काय ते तेराव्याला वहिनींनी सांगितले. अर्ज नामंजूर झाला त्या दिवशी कारखान्याच्या संचालकांसमोर माझी तीन पाने मोठ्याने वाचली गेली. कुणीतरी म्हणाले, “हा अर्ज हाय का भावगीत?” हशा पिकला. मग एका वयस्क संचालकाने सरळ विचारले, “मिस्त्री, हे राहू द्या. गाडी किती मैल जाती, किती मानसं वढती, हे यात कुठं हाय?” अण्णा दाराशी उभे होते. उत्तर त्यांना तोंडपाठ होते. ते एवढेच म्हणाले, “कागदात हाय तेवढंच.”

“मी लई भांडले त्यांच्याशी,” वहिनी म्हणाल्या. “तोंड का नाही उघडलं म्हनून. तर म्हनले, मी आकडे सांगितले असते, तर सुमीचा कागद चारचौघांत खोटा पडला असता. ती प्रोफेसर हाय.”

वहिनींनी मग पत्र्याच्या पेटीतून ते पेन्सिलीचे पान काढून दिले. आता ते माझ्या टेबलावर असते. वंगणाचा वास अजून गेलेला नाही. एकही अक्षर न बदलता ते इथे उतरवते आहे. हे त्याच वेळी करायला हवे होते.

“गाडीला गिअर न्हाई. मोटर चालू करताच वढ मिळती. चार मानसं बसत्यात. एका चार्जिंगात अकरा मैल जाती, बाराव्याची खात्री मी देत न्हाई. चढाला तीनच मानसं घ्यावी. बॅटरी रोज बघावी लागंल, ते मी करीन. गाडीचा आवाज येत न्हाई, म्हनून पोरं अन् बैल बाजूला व्हत न्हाईत. तरी म्होरं एक घंटा बांधावी, अन् ती वाजवाया एक मानूस द्यावा.”

ज्या नीरवतेवर मी तीन पाने लिहिली, तिच्यामुळे कुणाचे पोर चाकाखाली सापडेल, हे अण्णांनी आधीच पाहिले होते. घंटेचे वाक्य मी पहिल्याच वाचनात खोडले होते. पानावर माझ्या लाल शाईची ती रेघ अजून आहे.