कोटाचा सत्कार

आमचे भाऊजी ज्या बड्या कंपनीत हिशेब तपासतात, तिथे माणसांना अगदी कुटुंबासारखं वागवतात. म्हणजे काम सांगताना घरच्यासारखं आणि विचारपूस करताना परक्यासारखं. आधी चहा बंद झाला, तब्येतीसाठी. मग जेवणाची सुट्टी निम्मी झाली, सुस्ती येऊ नये म्हणून. शेजारचे दोघं कंटाळून नोकरी सोडून गेले, तर त्यांचं काम भाऊजींच्या टेबलावर आलं, अनुभव वाढावा म्हणून. शेवटी घरी जायची वेळच गेली. तिच्यासाठी कारण शोधायचीही कुणाला गरज वाटली नाही.

संध्याकाळी साहेब खुर्च्यांमधून फेरी मारायचे. खुर्चीवर कोट असला की माणूस इमारतीतच आहे, अशी तिथली समजूत. भाऊजींनी एक जुना कोट नेऊन खुर्चीवर अडकवला आणि अधूनमधून मागच्या जिन्याने सटकू लागले. त्या कोटाने मात्र इमानेइतबारे नोकरी केली. घरी सगळे त्याला 'छोटे साहेब' म्हणायचे.

यंदा माझ्या भाचीचं शाळेत नाटक होतं. मागच्या दोन्ही नाटकांना बापाची खुर्ची रिकामी. "या वेळी पहिल्या रांगेत बसणार!" भाऊजी तिला म्हणाले. "उगाच तोंडाची वाफ दवडू नका," ताई म्हणाली.

नेमकं नाटकाच्याच दिवशी साहेबांनी जाहीर केलं, सदैव जागेवर दिसणाऱ्या भाऊजींना 'घर आणि काम यांचा उत्तम समतोल' साधल्याबद्दल पुरस्कार! सोहळा कामाची वेळ संपल्यावर, ऐन नाटकाच्या वेळी. कामाच्या वेळेत समतोल साधायला सवड कुणाला? नाही म्हणावं तर साहेब विचारणार, कुठे निघालात? आणि कोटाची चौकशी निघाली की नोकरीवर पाणी. भाऊजींनी ताईला फोन केला, "अगं, नाही जमत."

ताईने फोन ठेवला. कपाटातून त्यांचा लग्नातला कोट काढला आणि शाळेत माझ्या शेजारच्या खुर्चीवर अडकवला. मला भाऊजींचा इतका राग आला होता, की मी त्या कोटाकडे पाठ करून बसलो. भाचीने मात्र रंगमंचावरून तो बरोबर हेरला. बाबा इथेच कुठेतरी आहेत म्हणून तिचा चेहरा फुलला आणि ती सगळी वाक्यं त्या खुर्चीकडे बघून बोलली. नाटक संपल्यावर तिने सगळी शाळा धुंडाळली.

भाऊजी घरी आले ते चकचकीत ढाल घेऊन.

"कशाबद्दल मिळाली?" भाचीने विचारलं.

"घराकडे लक्ष दिल्याबद्दल," ते खाली बघत म्हणाले.

"मग कोटाला दे. तो आला होता."