जन्मापासून वेगळी गेलेली नस

रायपूरकडच्या पोलादाच्या कारखान्यात मी क्रेन चालवायचो. वितळलेल्या पोलादाचं भांडं, ज्याला आम्ही लेडल म्हणतो, ते उचलून शेडच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवायचं. केबिनपर्यंत लोखंडी शिडी चढून जावं लागतं. मागच्या उन्हाळ्यात त्या शिडीवर मी दोनदा मध्येच थांबलो. दुखत नव्हतं, छाती आवळल्यासारखी वाटायची. थकवा तर कितीतरी आधीपासून होता, पण शिफ्टच्या नोकरीत थकव्याची तक्रार कोण करतो?

बायकोनं एक दिवस चहा देताना विचारलं, "क्वार्टरचा जिना चढून आले का तुमी बोलत कावून नाही?"

मी सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी तिनंच मला दवाखान्यात नेलं.

ईसीजी ठीक निघाला, तरी हृदयाचं सीटी स्कॅन करायला सांगितलं. नाडी हळू करायची गोळी दिली, हातात सुई टोचली. औषध आत गेलं तशी पोटातून मांड्यांपर्यंत गरम लाट उतरली आणि मशीन हिंदीत म्हणालं, "साँस रोकिए."

डॉक्टर म्हणाले, ब्लॉकेज नाही. बायकोनं हात जोडले. मग त्यांनी कागद उलटा करून दोन जाड नळ्या काढल्या आणि त्यांच्यामधून एक बारीक रेघ ओढली. हृदयाची उजवी नस उजवीकडून निघायला हवी. माझी डावीकडून निघते आणि दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मधून, चेपून जाते. "जन्म से है," ते म्हणाले. तरुण पोरं जोरात धावतात-खेळतात तेव्हा अशी नस दबून अचानक जीव जाऊ शकतो. डावी नस अशी असती तर भीती अजून जास्त. पन्नाशीनंतर उजवीचा धोका कमी असतो. पण नाहीच, असं ते म्हणेनात. श्रमानं रक्त कमी पडतं का ते पाहायचं, मग ऑपरेशनचं ठरवायचं.

ऑटोत बायको म्हणाली, "म्हणजे आजार हाय का नाही?"

"मलेही नाही समजलं."

पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलीनं मोबाइलवर काय काय वाचलं आणि फोन केला. "बाबा, तुम्ही नंदिनीला कबड्डी खेळायचे ना? शाळेत असताना?"

"खेळायचो."

तिनं लगेच जेवलात का ते विचारलं. नंदिनी हे माझं लहानपणचं गाव, वडील तिथल्या चुनखडीच्या खाणीत होते. शाळा सुटली की अंधार पडेपर्यंत आम्ही मैदानातच असायचो. तेव्हाही ती नस तशीच होती.

कारखान्यानं मला क्रेनवरून उतरवलं. तीन महिने मी फाइल घेऊन फिरलो. एक डॉक्टर म्हणाला ऑपरेशन करून टाका, दुसरा म्हणाला हात लावू नका. रायपूरला फिरत्या पट्ट्यावर चालवून, सुई देऊन हृदयाचे फोटो काढले. रक्त पुरेसं पोचत होतं. शेवटी मेडिकल बोर्डानं लिहून दिलं: फिट, दर वर्षी तपासणी.

मी परत वर चढलो. शिडीवर काही झालं नाही. भरलेली लेडल उचलली आणि लक्षात आलं, मी खालून इशारे देणाऱ्या माणसाकडे बघतच नाही. छातीत काय चाललंय ते ऐकून राहिलोय. त्यानं थांबायला हात वर केलेला मला दिसला नाही. त्याला दोनदा शिट्टी मारावी लागली. मी क्रेन थांबवली. लेडलखालच्या वाटेवर कोणी नव्हतं. तेवढी लेडल नीट पोचवून मी खाली आलो आणि इन्चार्जला म्हणालो, "साहब, मैं ऊपर नहीं जाऊँगा."

"तू तो फिट है. तीन महीने इसी कागज के लिए घूमा ना?"

"हाँ साहब."

त्यानं मला बसायला स्टूल दिलं आणि दुसऱ्या ऑपरेटरला बोलावलं.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. "मंग बरं झालं म्हणू का वाईट झालं?"

"काहीच नको म्हणू. मले जरा पडू दे."

आता मी टूल रूममध्ये असतो. हातमोजे, चष्मे, पाने-पकडी काढून देतो. परवा वर्षाच्या तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांना विचारलं, थकवा या नसेमुळेच ना? ते म्हणाले, तसं वाटत नाही. एवढी वर्षं शिफ्ट केली, वयही झालं. बायको मान डोलवत राहिली. मला मात्र वाईट वाटलं. तेवढं तरी त्या नसेवर टाकता येईल, असं मी धरून चाललो होतो.