फिस्स करणारी गाडी आणि दाजींची म्हैस

गाडी घेतली त्याचं मला दुःख नाही. तिच्यात जो व्हॉल्व बसवला, तो आठवला की अजूनही चहा कडू लागतो. तुम्ही तुमचा प्या, गार होईल. माझी फजिती काही गार होत नाही, सावकाश सांगतो.

माझं पाइपांचं आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान. पन्नाशीकडं झुकलेल्या माणसानं गाडी घ्यावी ती कशी? शांत, गरीब स्वभावाची. मी घेतली टर्बोवाली पेट्रोल. टर्बो म्हणजे इंजिनात दाबून हवा भरणारा पंखा. आता चालवताना तुम्ही ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, तर ती कोंडलेली हवा जाणार कुठं? तिला वाट द्यायला एक व्हॉल्व असतो. कंपनीचा व्हॉल्व ती हवा गुपचूप आतल्या आत परत पाठवतो. पण बाजारात एक प्रकार असा मिळतो, की तो हवा उघड्यावर सोडतो, आणि सोडताना असा 'फिस्स्स' करतो की वाटावं, बॉनेटखाली अजगर शिंकला.

मला तोच पाहिजे होता.

रफिक माझा शाळेपासूनचा दोस्त, नगरला त्याचं गॅरेज आहे. तो म्हणाला, "सुद्या, तुझ्या गाडीला आतल्या आत सोडणाराच बरा. ही गाडी येणारी हवा मोजून पेट्रोल देती. मोजलेली हवा तू बाहेर सोडली, की तिचा हिशेब चुकनार. मग बंद पडती."

"आतल्या आत सोडणाऱ्याचा आवाज येतो का?"

"न्हाई."

"मग काय उपयोग?"

"आवाजच पायजे तर जत्रंत पुंगी मिळती. व्हॉल्वपरीस बरी वाजती."

शेवटी माझ्या हट्टापायी त्यानं उघड्यावर सोडणारा बसवला. आतली स्प्रिंग चांगली कडक ठेवली आणि बजावलं, "ह्या स्क्रूला हात लावायचा न्हाई."

मला सांगा, ज्यानं अर्धं आयुष्य व्हॉल्व विकले, त्याला व्हॉल्वला हात लावू नको म्हणायचं? घरी आलो, पाना घेतला आणि स्प्रिंग ढिली केली. आवाज असा सुटला की शेजारची कोंबडी दोन दिवस अंड्यांवर बसली नाही. एवढंच झालं, की गाडी उभी असली की इंजिन धापा टाकायला लागलं. ॲक्सिलरेटर सारखा थोडा थोडा दाबत राहिलो तरच चालू, नाहीतर बंद. दाबला की सोडावा लागतो, आणि सोडला की फिस्स. मला काय, मजाच होती.

त्याच आठवड्यात शकूचा फोन आला. शकू माझी धाकटी बहीण. दाजी वर्षभर सुप्याला कंपनीत कामाला होते, एकटेच राहायचे. आता कुठं त्यांना बिऱ्हाडाजोगी खोली मिळाली होती. पोरांची शाळा उघडायच्या आत सगळ्यांनी तिकडं जायचं ठरलं, भांडीकुंडी बांधून झाली. अडलं होतं फक्त काजळीवर, म्हणजे त्यांच्या म्हशीवर. ती घोडेगावच्या बाजारात विकली, की शकू मोकळी.

"दादा, तू चल की बरोबर," ती म्हणाली. "तू असला की बरं वाटतं."

हे वाक्य मला नंतर फार टोचलं.

म्हैस टेम्पोतून गेली, शकूला आणि दाजींना मी गाडीतून नेलं. शकूचं जाणं भागच होतं. घोडेगावला समोर धार काढून दाखवल्याशिवाय गिऱ्हाईक पुढं सरकत नाही, आणि काजळी शकूशिवाय कुणाच्या हाताला लागत नसे. गाडी मी म्हशीपासून दहा पावलांवर लावली. लोकांना दिसायला नको?

पारनेरकडचे एक म्हातारबा आले. त्यांनी दात पाहिले, कास पाहिली, पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, "काढा धार."

शकू बसली. काजळीनं पान्हा सोडला, बादलीत धारा वाजायला लागल्या. म्हातारबांचा चेहरा खुलला. तेवढ्यात माझ्यामागं एक टेम्पोवाला ओरडला, "ओ शेठ, गाडी घ्या की बाजूला. म्हशी उतरवायच्यात."

मी गाडी चालू केली. ती धापा टाकायला लागली, म्हणून दाबला, सोडला. फिस्स्स.

काजळीचे कान उभे राहिले. धार बंद.

"सुदामराव, बंद करा ती," दाजी म्हणाले. मी बंद केली.

"अवो घेताय ना बाजूला?" टेम्पोवाला म्हणाला. मी चालू केली. फिस्स्स. बादली लवंडली.

"सुदामराव!"

बंद केली.

"काय पाहुनं, रातच्याला घेनार का बाजूला?"

चालू केली. फिस्स्स. काजळीनं लाथ झाडली ती दाजींच्या गुडघ्यावर बसली. कास तटतटलेली, पण थेंब नाही. शकू तिला चुचकारत होती.

म्हातारबा उठले. "म्हस दूध चोरती," ते म्हणाले. "घरात सूनबाई हाय माझ्या. तिला लाथा खायाला न्हाई न्यायची मला."

त्या बाजारात असा शब्द म्हशीच्या आधी गावभर फिरतो. नंतर जो आला त्यानं लांबूनच विचारलं, "चोरती ती हीच का?"

परतताना शकू मागच्या सीटवर रिकामी बादली मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "दादा, ह्यांना सुप्याला सोड. पोरांची नावं इथल्याच शाळंत राहू दे. मी थांबते म्हशीपाशी." आवाजात राग नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं. मी पाय इतका हळू उचलला, की व्हॉल्वला कळूसुद्धा नये. तरी फिस्स झालंच.

"म्हैस माझ्याकडं राहील," मी म्हणालो.

घरी बायको म्हणाली, "बांधायची कुठं?"

"गाडीशेजारी, पत्र्याखाली."

शकू सुप्याला गेली. इकडं काजळी कुणालाच हात लावू देईना. मी संध्याकाळी दुकानातून आलो, फिस्स झालं, की ती बुजायची. म्हणून बायको धावत जाऊन तिच्यापुढं पेंडेचं घमेलं ठेवायची. रोज फिस्स, रोज पेंड. एक दिवस मी आलो, फिस्स झालं, आणि घमेलं यायच्या आधीच काजळीच्या सडातून दूध ठिबकायला लागलं.

मी म्हणालो, म्हैस रुळली, आता ही पीडा काढू. रफिककडून कंपनीचा व्हॉल्व परत बसवून घेतला. गाडी मांजरासारखी गुरगुरत घरी आली. काजळीनं गाडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि एक थेंब दिला नाही. मी तोंडानं फिस्स करून पाहिलं. तिनं मान फिरवली.

"उद्या परत बसवून आणा," बायको म्हणाली.

रफिकनं मान खाली घालून हसू दाबलं. "स्प्रिंग कडक ठेवू का ढिली?"

"ढिली. तिला तशीच लागती."

आता सकाळ-संध्याकाळ मी ड्रायव्हरच्या सीटवर असतो. बायको बादली घेऊन बसते आणि म्हणते, "सोडा." मी सोडतो. भाऊबीजेला सुप्याला गेलो तो एसटीनं. गाडी नेली तर म्हैस धार देणार नाही, असं घरच्यांचं मत. शकूनं ओवाळलं आणि पहिलं विचारलं ते, "काजळी कशी हाय?"

दाजींच्या कंपनीतले एक पाहुणे बसले होते. ते म्हणाले, "टर्बो हाय म्हनं तुमची. लिटरला किती जाती?"

म्हणालो, "जात कुठंच नाही. सकाळी चार लिटर देते, संध्याकाळी तीन."