साडूभाऊंचे ठिपके

तपासलेल्या वस्तूवर खूण नसेल तर ती तपासलेलीच नाही, आणि तपासलेली नसेल तर ती जगात असूच नये, असं मनापासून मानणारा एकच माणूस छत्रपती संभाजीनगरात राहतो, आणि तो नेमका माझा साडू निघाला. वाळूजला एका छोट्या कारखान्यात कूलरच्या मोटारी तयार होतात. घरातल्यापेक्षा कितीतरी जास्त दाबाची वीज मोटारीला द्यायची आणि करंट बाहेरच्या पत्र्यात उतरत नाही ना ते पाहायचं, हे साडूभाऊंचं काम. पास झाली की हिरवा ठिपका. शंका असली की पिवळा. पुढच्या तपासणीत नापास झाली की हिरव्याशेजारी लाल, आणि लाल लागला की आधीचे सगळे ठिपके रद्द. हे त्यांनी मला इतक्यांदा समजावलंय, की हल्ली चौकातल्या सिग्नलपाशीही माझा गोंधळ होतो.

कारखान्यातला रंग घरी आणता येत नाही, म्हणून घरचा कारभार बायकोच्या नेलपॉलिशवर चालतो. तापवलेल्या दुधाच्या पातेल्याला हिरवा, मुरायच्या लोणच्याला पिवळा. एकदा त्यांच्याकडे जेवताना मी भांड्याकडे न बघता दही वाढून घेतलं. साडूभाऊंचा घास हातातच राहिला. "लाल ठिपक्याचं खाल्लं?" मग जेवण होईपर्यंत ते माझ्याकडे टक लावून बघत होते, आणि निघताना "काय होतंय का?" विचारत फाटकापर्यंत आले. काही होत नव्हतं, पण घरी पोचेपर्यंत मला काहीतरी होत राहिलं. आमच्या हर्सूलच्या घरी आले की चपला निघायच्या आधी त्यांच्या खिशातून टेस्टर निघायचा. एकेक बटण तपासून शेजारी भिंतीवर हिरवा ठिपका. ते गेले की आमची ही खरवडून काढायची, पुढच्या खेपेला ते पुन्हा द्यायचे. "दाजी, भिंतीला गोवर आल्यागत दिसतंय," असं ती एकदा म्हणाली, तर साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "दिसू द्या की. चिकटून मेलं तर कुणी नाय ना!"

हे सगळं हसण्यावारी न्यायचं, असं आमचं ठरलेलं होतं. ते गेल्या खंडेनवमीपर्यंत टिकलं. त्या दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा असते, घरच्यांनाही बोलावतात, म्हणून आम्ही पेढे खायला गेलो होतो. मोटारी जुळवणाऱ्या बायांनी यंत्रांना हळदीकुंकू वाहिलं, आणि हात आवरेना म्हणून झेंडूच्या माळांमध्ये मांडलेल्या तयार मोटारींनाही एकेक बोट लावलं. पूजेसाठी पास आणि नापास सगळ्या एकत्रच मांडल्या होत्या. साडूभाऊ आरतीचं ताट घेऊन आले आणि जागीच थिजले. समोरची प्रत्येक मोटार हिरवी, पिवळी आणि लाल होती, म्हणजे एकाच वेळी पास, शंकास्पद आणि रद्द. आणि फाटकाशी ट्रक माल भरायला उभा होता.

"ओल्या फडक्यानं पुसून घ्या. रंग राहील, कुंकू जाईल," मालक म्हणाले. मला ते एकदम पटलं. पण बायांमधली सगळ्यात वडीलधारी पुढे झाली. "सणाच्या दिवशी कुंकू पुसायला लावता व्हय, मालक? म्या नाय हात लावणार." मला तेही पटलं. मालकांनी चिडून स्वतःच फडकं उचललं, तर पूजेला आलेल्या त्यांच्या आईंनी खुर्चीतून नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. मालकांनी त्या फडक्यानं आपला चष्मा पुसला.

"मग तशाच भरा. खाली हिरवा आहे ना?"

"नापास मालालाबी खाली हिरवाच असतो, मालक," साडूभाऊ म्हणाले. "समद्या परत तपासाव्या लागतील."

"अहो, पण ते कुंकू आहे!"

"ठाऊक हाये. पण लाल म्हंजे थांब, हे समद्यांना मीच शिकवलंय. आज लाल म्हंजे जा, असं कसं सांगू?"

मालकांचा आवाज उतरला. "ट्रक रिकामा गेला, तर उद्यापासून तपासणीच्या त्या टेबलावर तुम्ही नसाल."

साडूभाऊंनी टेबलाकडे पाहिलं, ट्रककडे पाहिलं, आणि मला काही कळत असावं तसं माझ्याकडेही पाहिलं. सोडून द्या, असं अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. त्यांनी पहिली मोटार उचलून तारा जोडल्या.

ट्रक रिकामा गेला. साडूभाऊंनी सगळा माल तपासला, आणि फेरतपासणीची खूण वेगळी हवी म्हणून पास मालाला निळा ठिपका दिला. नापास मोटारी निघाल्या त्या आधी होत्या तितक्याच, एकही जास्त नाही. मग चुकलं कोण? मी यावर पुष्कळ डोकं चालवलं. मालकांचा विचार केला की मालक बरोबर वाटतात, साडूभाऊंचा केला की साडूभाऊ, आणि कुंकवाचा केला की त्या बाई.

मालकांनी शब्द पाळला. आता त्या टेबलावर एक मशीन आहे. ते स्वतःच तपासतं आणि मोटारीवर छोटा चौकोन कोरतं. त्यावर फोन धरला की मोटारीची सगळी जन्मकुंडली दिसते. साडूभाऊ खोक्यांना चिकटपट्टी लावतात. घरचे ठिपकेही त्यांनी बंद केले. मला त्याचं फार वाईट वाटतं, आणि ते त्यांना कसं सांगावं हे कळत नाही.

या उन्हाळ्यात आम्ही कूलर घेतला. पाणी भरून चालू केला तेव्हा साडूभाऊ घरीच होते. मी मोटारीवरच्या चौकोनावर फोन धरला, 'पास' आलं. माझी धाकटी ओल्या हातांनी कूलरकडे धावली. "थांब गं," साडूभाऊ म्हणाले. त्यांनी टेस्टर लावला, दिवा लागला नाही. तरी समाधान होईना, म्हणून त्यांनी हाताची मागची बाजू पत्र्याला टेकवली. "असा लावला म्हंजे हात चिकटत नाय," ते मला म्हणाले. काही झालं नाही. "लाव आता," म्हटल्यावर पोरीनं हात लावला, गार वाऱ्यात हसली आणि खेळायला पळाली. साडूभाऊंनी आपला हात मात्र बराच वेळ काढला नाही. मोटार छान चालत होती, आणि ती त्यांनी तपासलेली नव्हती.